तू न वाजवलेलं तिसरं कडवं

हमीदभाई, मी तुझ्यावर लय भडकून हाये. माणूस गेल्यावर चार शब्द बरे बोलावं म्हणतात. ते बोलणारे तुझ्या देऊळघाटच्या घरी पुष्कळ आले, अंगणात पाय ठेवायले जागा नव्हती. जो तो म्हणे, मास्तर म्हणजे देवमाणूस. देवमाणूस होता तं एक कडवं वाजवून मोकळं व्हायले काय झालं होतं तुले? वाजवलं असतं तं आज तू ओट्यावर बसून बशीत चहा ओतला असता, अन् मी समोर बसून तुले शिव्या देल्ल्या असत्या. शिव्या तं आताही देऊनच राह्यली. पण तू उलटून बोलत नाही, अन् तेच मले सहन होत नाही.

लोक म्हणून राह्यले, मास्तरले ऊन लागलं, चक्कर येऊन डोकं गाडीच्या लोखंडावर आपटलं. साऱ्या वरातीनं पोलिसाले तेच सांगतलं. आपल्या बँडच्या पोरायनंही तेच सांगतलं, कारण त्यायले त्याच गावायमधी वाजवायचं हाये. तुले कोणी मारलं हे साऱ्यायनं पायलं अन् कोणीच पायलं नाही. राह्यली मी एकटी. अन् ज्यानं मारलं तो माझ्या सख्ख्या भावाचा पोरगा. आता तूच सांग, असा फास कोणाच्या गळ्यात अडकवून जाते का माणूस? त्या फासाचं मी काय केलं, ते तुले सांगायचं हाये. पण मी गाणेवाली बाई. सरळ समेवर येणं मले जमत नाही, हे तुले ठाऊक हाये.

तं पहिले ते पिक्चर. त्याले चांगलं नाव होतं, पण आपल्या बँडमधी ते कोणी घेतलं नाही. आपण त्याले घोडेवाला पिक्चर म्हणायचो. तुझ्या अब्बानं तो धाडच्या बाजारात तंबूच्या टॉकीजमधी पायला, अन् घरी येऊन त्याचे सारे गाणे बँडवर बसवले. तेव्हापासून आपल्या बँडची वरात त्याच पिक्चरच्या सुरवातीच्या म्युझिकनं निघे. दुसरे बँडवाले दरसाली नवे गाणे बसवत, अन् आपण पहिले घोडे सोडत. साईड डरमवर त्या टापा पडायले लागल्या की नवरदेवाखालची घोडी आपोआप पाय उचले. हळदीच्या दिवशी त्याच पिक्चरची अंगाई, मांडवाच्या दाराशी त्यातलीच कव्वाली. पोरं हसत, म्हणत मास्तर, हा कोणत्या जमान्याचा माल हाये. पण म्हातारे-कोतारे लाठ्या टेकत दाराशी येऊन उभे राहत, अन् तू तेवढ्यासाठीच वाजवत होता.

अन् ते वरातीचं गाणं. पिक्चरमधी नवरीचा भाऊ ते म्हणते. गावात वरात आली हाये, नवरदेव घोडीवर, बाया नाचून राह्यल्या. दोन कडवे होतात, साऱ्यायचे पाय थिरकतात. मंग तिसरं कडवं. तिथं ढोलक थांबते. फक्त गळा अन् क्लॅरनेट. गळा एक ओळ म्हणते अन् थांबते, क्लॅरनेट तीच ओळ उलटून सांगते. पुन्हा गळा, पुन्हा क्लॅरनेट. हळूहळू वर चढत जाते ते, अन् शेवटी गळा एका सुरावर जाऊन उभा राह्यते, हालत नाही. त्या सुरावर पहिली गोळी सुटते. डाकू येतात. नवरदेव घोडीवरून खाली, बाया सैरावैरा, हळदीच्या अंगावर रक्त. अन् मंग पिक्चर संपेपर्यंत जिथं जिथं मुडदा पडते, तिथं तिथं तीच चाल वाजते.

अब्बा तंबूतून बाहेर आला अन् म्हणाला, हे कडवं कोणाच्या दारात वाजणार नाही, वाजलं तं त्या घरचा पोरगा जाईन. जिथं खरा नवरदेव खऱ्या घोडीवर बसला, तिथं तं कधीच नाही. तेव्हापासून आपल्या बँडचा कायदाच झाला तो. दुसरं कडवं झालं की मास्तरनं क्लॅरनेट आभाळाकडे उचलायची, डरमवाल्यानं एक तोडा मारायचा, अन् साऱ्यायनं वळून मुखड्यावर यायचं. नाचणाऱ्याले कधी समजलंही नाही की गाण्याचा एक तुकडा कापला. नाचणाऱ्याले काय, ढोल वाजत राह्यला म्हणजे झालं.

पण मले समजे. मी होती ना गाणारी. दर वरातीले मले त्या दारापर्यंत न्यायचं अन् तोंडावर दार लावायचं. हमीदभाई, माझ्या गळ्याले जे जमते ते त्या तिसऱ्या कडव्यातच होतं. मुखडा काय, कोणीही म्हणीन. मी तुले कितीदा म्हटलं, अरे, ज्यानं ही चाल बांधली त्यानं आपला जीव त्या कडव्यात टाकला, अन् आपण तेच कापून फेकतो. गाणं गाणं असते, बंदूक नाही. तू म्हणे, कांता, तुले समजत नाही. हे तुझं ठरलेलं उत्तर. पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा चक्कीमागच्या आपल्या तालमीच्या टीनाच्या खोलीत, तू नमाजले गेला तेव्हा, मी ते म्हटलं. कोणाचं लग्न नव्हतं, घोडी नव्हती, नवरदेव नव्हता. शेवटच्या सुराले अजून पोचलीही नव्हती तं तू दारात. तू डरमची काडी उचलली अन् फेकून मारली. ती माझ्या कपाळाले लागली, रक्ताची धार नाकावर आली. मी हातातला माईक तसाच तुझ्या तोंडावर फेकला. तुझा पुढचा दात अर्धा गेला. पोरं भिंतीले चिकटून उभे. मंग तू खिशातला रुमाल काढला, अन् माझं कपाळ पुसायच्या आधी माईक पुसला. म्हणे, उसना हाये, खराब झाला तं परत कसा देऊ.

त्या तुटक्या दातानं तुझ्या फुंकीत एक बारीक हवा यायले लागली. लोक म्हणत, मास्तरच्या क्लॅरनेटमधी आताशा दर्द आला. कायचा दर्द, माझा माईक होता तो. अन् तू हसायचा, ओठावर हात ठेवून, नव्या नवरीवाणी. तुझं ते हसणं आता मी कुठं पाहू, हे कोणी सांगत नाही मले. साऱ्यायले फक्त तुझ्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाची चिंता.

आपल्यात मारामारीबिगर काही झालंच नाही का, असं कोणी म्हणीन. तं हो, मारामारीच झाली, अन् त्यातली एक माझ्यासाठी झाली. माझा नवरा मले गाते म्हणून मारे. पट्ट्यानं मारे, अन् मारून झालं की दुसऱ्या दिवशी माझ्याच गाण्याचा चहा पिये. एका लग्नात मांडवाच्या मागं त्यानं माझे केस धरले. तू कव्वाली वाजवून राह्यला होता. तू क्लॅरनेट खाली ठेवली, बाजूच्या पोराच्या हातातला ट्रंपेट घेतला, अन् त्याच्या पाठीत असा घातला की तो उताणा झाला अन् ट्रंपेट वाकला. मंग तू जाऊन कव्वाली पुरी केली. तो माणूस पुन्हा माझ्या दारात दिसला नाही. तो वाकडा ट्रंपेट अजून आपल्या गाडीत हाये, अन् अजून बेसूरच वाजते. तू तो कधी सरळ करून आणला नाही. मी विचारलं तं म्हणे, असू दे, पाहणाऱ्याले पाहू दे.

नवऱ्याले सोडलं तेव्हा मी भावाकडे राह्यली, धाडच्या अलीकडच्या आमच्या गावात. दादाचा मोठा पोरगा विकी तेव्हा रांगत होता. माझ्याच कडेवर वाढला तो. रडायले लागला की वहिनी त्याले माझ्याकडे फेकल्यासारखी देऊन जाये, अन् मी त्याले त्याच पिक्चरची अंगाई म्हणून झोपवे. दुसऱ्या कोणत्याच गाण्याले तो झोपत नसे. मंग मी पुन्हा बँडच्या गाडीवर उभी राहून गायले लागली अन् दादानं दार लावून घेतलं. म्हणे, बायको नाचवणारे बरे, बहीण नाचवणारे नाही. पण विकी येत राह्यला. शाळेतून पळून येये, मोठा झाल्यावर मोटरसायकलवर येये. वरातीच्या कडेले उभा राहून साऱ्यायले सांगे, ही माझी आत्या हाये. साऱ्या खानदानात तेवढं एकच तोंड मले आत्या म्हणे. हे तुले माहीत होतं. तू त्याले रसाच्या गाडीवर रस पाजला हाये.

आपल्या दोघायचं कडव्यावरून भांडण त्यानं लहानपणापासून ऐकलं. तू त्याले पुरावे द्यायचा, जसा काही तो जज. म्हणे, एकदा नव्या कीबोर्डवाल्याले कायदा माहीत नव्हता, तो तिसऱ्यात घुसला, अन् त्याच वरातीत चाकू निघाला, नवरीच्या मामाचं पोट फाडलं. मी म्हणे, हमीदभाई, दारू पिलेल्या दोन गावच्या लोकायले एका गल्लीत कोंबलं तं चाकू नाही तं काय फुलं निघतीन? आपल्या इकडं विनामारामारीचं एक लग्न दाखव. तू म्हणे, कांता, तुले समजत नाही. अन् विकी हसत राहे. मले वाटे पोरगं हसून राह्यलं. ते मनात धरून राह्यलं होतं, हे ना तुले दिसलं ना मले.

या उन्हाळ्यात विकीच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. डीजेले परवानगी भेटली नाही, म्हणून दादाले बँड सांगावा लागला, अन् विकी अडून बसला की बँड येईन तं आत्याचा येईन. कित्येक वर्षांनी मी त्या गावात शिरली. दादा वरातीत माझ्या समोरून गेला, पण त्यानं मान वळवली नाही. दुपारची वरात. डांबर पायाखाली मऊ झालेलं. तू नेहमीसारखा वरातीकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून, उलटा उलटा चालून राह्यला होता, कपाळावरचा घाम टोपीत. विकी पिऊन टाइट होता. सकाळपासूनच पीत होता म्हणतात.

वरातीचं गाणं लागलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तू क्लॅरनेट वर उचलली, तोडा पडला, आपण मुखड्यावर आलो. विकी नाचता नाचता थांबला. त्यानं हात वर करून साऱ्यायले थांबवलं, अन् तुले म्हणे, पुरं वाजव. तू हसून मान हालवली अन् पुन्हा मुखडा धरला. त्यानं पुन्हा थांबवलं. नवरीकडचे लोक पाहून राह्यले होते. विकी ओरडून म्हणाला, "माझ्या आत्याले या माणसानं जन्मभर पुरं गाणं म्हणू देल्लं नाही. आज माझ्या भावाच्या वरातीत ती पुरं म्हणीन."

हमीदभाई, हे माझ्या नावानं झालं. त्या पोरानं माझी बाजू घेतली अन् तुले मारलं. हे मी कोणत्या नदीत धुवू? माझ्या हातात माईक होता, अन् मी त्यात म्हटलं, विक्या, गपचूप बाजूले हो, मले नाही म्हणायचं. त्यानं ऐकलं नाही. त्यानं येऊन तुझी क्लॅरनेट धरली. तू सोडेना. तू त्याले हळू आवाजात बोलला, पण माझा माईक चालू होता, म्हणून ते साऱ्या गल्लीले ऐकू गेलं.

"बेटा, तुझा भाऊ घोडीवर हाये. त्याच्यासाठीच नाही वाजवून राह्यलो."

त्यानं क्लॅरनेट हिसकली. अन् तू त्याच्या कानाखाली वाजवली. हे बरोबर नव्हतं. मी कोणाले खोटं सांगणार नाही, तू पहिले हात उचलला. पण तुझी क्लॅरनेट म्हणजे तुझ्या अब्बाची क्लॅरनेट, ती कोणी हिसकली तं तू काय करशीन हे मी डोळे मिटून सांगू शकत होती. साऱ्या सोयऱ्यायसमोर थप्पड. क्लॅरनेट विकीच्या हातून खाली धुळीत पडली. बँडची गाडी ढकलायचा लोखंडी दांडा खोबणीतून निघते, तो त्यानं काढला. तू तोवर वळला होता. तू वाकून क्लॅरनेटची धूळ पुसून राह्यला होता, जशी पोरीची पुसतात.

कानाच्या मागं. एकच. आवाज असा आला की मले अजून तो खाताना ऐकू येते. तू मोठ्या ढोलावर पडला, ढोलाचं चामडं फाटलं अन् तू खांद्यापर्यंत आत गेला. माझ्या तोंडातून जी किंकाळी निघाली ती माईकमधून, साऱ्या भोंग्यातून गेली. घोडी बिथरली. नवरदेव पडला, पण उठला, त्याले काही झालं नाही. त्याले कायचं काही होते, तू त्याच्यासाठी कडवं अडवून बसला होता ना. सारा हिसाब तू आपल्या डोक्यावर घेतला. मी गाडीवरून उडी मारली अन् तुझं डोकं मांडीवर घेतलं, अन् रक्त माझ्या पातळातून पायावर उतरलं, कोमट कोमट. बुलढाण्याच्या दवाखान्यात तू शुद्धीवर आलाच नाही.

मी देऊळघाटले पोचली तोवर तुले न्हाऊ घालून ठेवलं होतं. मी बायायमधी बसली. गडीमाणसं तुले घेऊन गेले, अन् आपल्या साऱ्या जन्मात पहिल्यांदा असं झालं की तुझी कुठं निघायची वेळ झाली अन् मागं काही वाजलं नाही. तुमच्यात वाजवत नाहीत, माहीत हाये मले. पण मले राग आला. ज्यानं अर्ध्या जिल्ह्याले वाजवत वाजवत मांडवात नेलं, तो असा मुक्यानं गेला. मी उठून दारात आली अन् दात खाऊन उभी राह्यली.

मंग सुरू झालं. पहिले वहिनी आली. जी बाई माझ्या हातचं पाणी पित नव्हती ती माझ्या पाया पडली. मंग दादा. दादाचं म्हणणं सोपं होतं. मास्तर गेला तो काही परत येत नाही. पोरगा आत गेला तं घर बुडते. साऱ्यायनं ऊन लागलं म्हणून सांगतलं, तुझं एकटीचं सांगणं राह्यलं, तेवढं जुळलं की फाइल बंद. आपलेच दात अन् आपलेच ओठ, कांते. त्यानं माझं नाव घेतलं, हमीदभाई. किती वर्षांनी घेतलं. मले रडू आलं, अन् रडू आलं याचाच राग आला. मी म्हटलं, विकी कुठं हाये? म्हणे, घरी, खात नाही, बोलत नाही. मी म्हटलं, झोपते का?  मले ती अंगाई आठवली, अन् मी दादाले म्हटलं की तू आता इथून जाय.

मी तुझ्या घरी गेली, नसीमभाभीकडे. तुझी बायको मले कधी आवडली नाही, तिलेही मी आवडली नाही, तुले माहीत हाये काऊन. ती निवडत बसली होती, पुढ्यात तांदूळ. मी तिले सारं सांगतलं, कोण आलं, काय म्हणालं. मी म्हटलं, भाभी, तो पोरगा माझ्या कडेवर वाढला. तिनं मान वर केली नाही.

"मुझे किसी का बच्चा नहीं चाहिए," ती म्हणाली. "लेकिन धूप का नाम मत लेना. धूप से मरने वाला आदमी नहीं था वो."

एवढंच. ना रडली ना ओरडली. मी तिच्यासोबत बसून तांदूळ निवडू लागली. मधी एकदा तिनं तुझ्या सदऱ्याच्या खिशातून निघालेली, क्लॅरनेटची तोंडात धरायची जुनी नळी माझ्यासमोर ठेवली. तिच्यावर तुझ्या त्या तुटक्या दाताची खूण होती. मी ती घेतली नाही. म्हटलं, राहू द्या तुमच्याजवळ, माझ्याजवळ कपाळावर हाये.

ठाण्यात दादानंच नेलं मले, जीपमधी बसवून. साऱ्या रस्त्यानं समजावत होता, असं सांग, तसं सांग. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. साहेब तरणा होता, बरा वाटला. दादाले मागच्या बाकड्यावर बसवलं. मले विचारलं, मास्तर कसे पडले? मी म्हटलं, साहेब, पहिले एक कडवं समजून घ्या, नाही तं तुम्हाले काहीच समजणार नाही. मी त्याले तो पिक्चर सांगतला, अब्बाचा कायदा सांगतला, क्लॅरनेट वर उचलून वळायचं सांगतलं. त्यानं ऐकलं, मंग म्हणाला, बाई, एवढ्या एका कडव्यासाठी? असं हाये तरी काय त्यात?

अन् मले पुन्हा तो राग आला, हमीदभाई. त्याच्यावर नाही, तुझ्यावर. हाच सवाल मी तुले जन्मभर केला. तुझा जबाब काय, तं कांता, तुले समजत नाही. आता तू तिकडं जाऊन झोपला अन् जबाब मी देऊ? मी उठून उभी राह्यली. म्हटलं, ऐका मंग.

मी तिसरं कडवं म्हणायले लागली. ठाण्यात, भर दुपारी, वर पंखा घुं घुं करून राह्यलेला. पहिली ओळ झाली अन् मी थांबली. तिथं तुझी क्लॅरनेट यायची होती. तेवढा वेळ मी गप उभी राह्यली. साहेबाले वाटलं संपलं, तो लिहायले वाकला. मी हातानं थांबवलं. दुसरी ओळ म्हटली, पुन्हा तुझी जागा रिकामी सोडली. आता साहेब हालला नाही. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राह्यला. मी एक एक ओळ वर चढत गेली अन् दर ओळीमागं तुले थांबली, अन् त्या रिकाम्या जागेत मले तुझी फुंकी ऐकू येत होती, हवेसकट. मागं दादा नाक ओढून राह्यला होता. मंग शेवटचा सूर. तो लागला, हमीदभाई. कधी नाही तसा लागला. मी तो धरून ठेवला जेवढा छातीत दम होता तेवढा, कारण मले माहीत होतं तो सोडला की काय होते.

पिक्चरमधी तिथं गोळी सुटते. मी सूर सोडला अन् म्हटलं, "विकीनं मारला. माझ्या भावाच्या पोरानं. गाडीच्या दांड्यानं, मागून."

दादा बाकड्यावरून उठला. मले वाटलं अंगावर येईन. तो आला नाही. दाराची चौकट धरून उभा राह्यला, मंग हळूहळू निघून गेला, अन् त्याची जीप चालू झाल्याचा आवाज आला. साहेबानं पेन उचललं अन् म्हणाला, पहिल्यापासून सांगा. मी पहिल्यापासून सांगतलं. तू थप्पड मारली तेही सांगतलं. त्यानं माझ्यासाठी मारलं तेही सांगतलं.

विकीले काल नेलं. गावातल्या एका बाईनं सांगतलं, त्यानं फक्त विचारलं की आत्यानं सांगतलं का. हो म्हटल्यावर मुकाट गाडीत बसला.

तू म्हणायचा ते कडवं कोणाच्या दारात म्हटलं की त्या घरचा पोरगा जाते. मी ते माझ्या भावासमोर म्हटलं, अन् त्या घरचा पोरगा गेला. घे, जिंकला तू. पण तू ते अडवलं अन् तरी मुडदा पडलाच, तुझा. याचा जबाब दे, अन् मले समजत नाही असं म्हणून सुटू नको. मी येऊन राह्यली हाये कबरस्तानाच्या भिंतीपाशी, आत बाईले येऊ देतीन न देतीन, मी भिंतीच्या अलीकडून भांडीन. अन् येताना तो वाकडा ट्रंपेट घेऊन येईन. क्लॅरनेट माझ्याच्यानं वाजत नाही.